तुकड्यांनी जाणारा निरोप

जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांना जोडणारी एक भाड्याची वाहिनी सुरू झाली. तिच्यावरून माणसांचे संभाषण व्हावयाचे नव्हते. एका शहरातील संगणकाने दुसऱ्या शहरातील संगणकाशी बोलावयाचे होते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ साली 'एर्नेट' नावाची योजना हाती घेतली होती. दिल्लीतील ते खाते, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी अशा आठ ठिकाणांना एका जाळ्यात गुंफावयाचे, हा तिचा उद्देश होता. दिल्ली-मुंबई वाहिनी ही त्या जाळ्याची पहिली कायमची भाड्याची दोरी. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट एवढाच होता. दीड हजार अक्षरांचा एक मजकूर या वाटेने जाण्यास सव्वा सेकंद लागे, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कोणाच्याही मजकुराला दारात ताटकळत उभे राहावे लागे. एक वाट आणि वाटसरू अनेक, अशी ही स्थिती होती. अशा वाटेवरून मोठा निरोप कसा पाठवावा, वाटेत तो तुटला तर कसा सांधावा, आणि मागचा भाग पुढे व पुढचा मागे पोचला तर काय करावे, हे प्रश्न या जाळ्याच्या पोटातच होते.

दिल्ली आणि महाराष्ट्र यांच्या संबंधात हे प्रश्न अगदीच नवे होते, असे मात्र म्हणता येत नाही. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातील पुरुष दिल्लीत राहत असत. बादशहाच्या दरबारातील घडामोडी ते पत्रांतून पुण्यास कळवीत. ही पत्रे घेऊन कासीदांच्या जोड्या धावत. एका माणसावर भिस्त ठेवण्यापेक्षा दोघे बरे, हा त्या जोडीमागील हिशेब होता. तरीही नद्यांचे पूर, लुटारूंच्या टोळ्या आणि शत्रूच्या चौक्या यांतून पत्र सुखरूप जाईलच, याची हमी कोणी देऊ शकत नसे. म्हणून त्या काळच्या पत्रलेखनाने एक शिस्त स्वीकारली होती. आलेल्या पत्राची पावती नव्या पत्राच्या आरंभी द्यावयाची. आधीची पत्रे पोचली किंवा नाही, याची विचारणा करावयाची. आणि न पोचल्याची शंका आली तर तोच मजकूर पुन्हा लिहावयाचा. रस्त्यावर विश्वास नाही, म्हणून विश्वासाची सारी व्यवस्था पत्राच्या दोन टोकांशी, लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या हाती ठेवली होती.

या व्यवस्थेची खरी परीक्षा १७६० साली झाली. सदाशिवरावभाऊंनी ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली आणि ऑक्टोबरमध्ये उत्तरेस जाऊन कुंजपुरा जिंकला. तोच ऑक्टोबरच्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. भाऊ उत्तरेस, दिल्ली दक्षिणेस आणि मध्ये अब्दाली, अशी विलक्षण मांडणी झाली. पानिपतच्या छावणीत अन्नाचा तुटवडा पडला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु अन्नाइतकीच दुसरी एक वस्तू तुटली, आणि ती म्हणजे बातमी. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद व निरोप या दोहोंचा एक मोठा आधार गेला. १४ जानेवारी १७६१ रोजी रणसंग्राम झाला. पेशवे नानासाहेब त्या वेळी माळव्याच्या वाटेवर होते. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक शब्दांत लिहिलेले सावकारी पत्र त्यांना मिळाले व त्यावरून अनर्थ उमगला, असे परंपरा सांगते. लढाई होऊन तोवर सुमारे दहा दिवस लोटले होते.

या प्रसंगात ध्यानात घेण्याजोगे एक सूत्र आहे. पत्र हरवणे ही आपत्ती खरीच. पण पत्र हरवल्याचे कोणालाच न कळणे ही तिच्याहून मोठी आपत्ती होय. पाठविणारा समजतो की निरोप गेला. घेणारा समजतो की कळविण्यासारखे काही नाही. दोघेही आपापल्या समजुतीत स्वस्थ असतात आणि मधली वाट मुकी झालेली असते.

पानिपतच्या पत्रांनी पुढे सुमारे एकशे चाळीस वर्षांनी आणखी एक धडा दिला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात या काळातील पत्रव्यवहार आहे. जुन्या मराठी पत्रांवर पुष्कळदा चंद्र आणि महिना असतो, पण वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच होते. त्यांची त्यात काही गैरसोय नव्हती. परंतु तोच महिना आणि तोच चंद्र प्रतिवर्षी फिरून येतो. सुट्या कागदांचा ढीग समोर घेऊन बसलेल्या संशोधकाने एखादे पत्र चुकीच्या वर्षात घातले, की सारी हकीगत विपरीत होऊन बसते. म्हणजे तुकड्यावर खूण असणे पुरेसे नाही. ती खूण फिरून लवकर येणारी नसावी, ही दुसरी अट आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेच्या निरोपांसाठी हाच विचार नव्याने करावा लागला. टेलिफोनच्या पद्धतीत दोन माणसांचे बोलणे संपेपर्यंत संपूर्ण वाट त्यांच्यासाठी अडवून ठेवीत. मधली एक कडी तुटली की संभाषण संपले. अमेरिकेतील रँड संस्थेचे पॉल बॅरन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधमालेत निराळी योजना मांडली. अणुयुद्धात काही केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्या जाळ्यातून निरोप जावा, यासाठी त्याचे लहान लहान खंड करावे आणि प्रत्येक खंडाने मिळेल त्या वाटेने जावे, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डोनाल्ड डेव्हिस हे १९६५ च्या सुमारास स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपर्यंत पोचले. या खंडाला त्यांनी 'पॅकेट' हे नाव दिले. मराठीतील घरगुती 'पाकीट' या शब्दाने तो अर्थ चांगला व्यक्त होतो. कारण येथेही आत मजकूर आणि वर पत्ता असाच प्रकार आहे. १९६९ साली अमेरिकेत 'अर्पानेट' हे अशा पाकिटांवर चालणारे जाळे सुरू झाले. चौकाचौकात उभे राहून पाकिटाचा पत्ता वाचावयाचा आणि त्याला पुढची वाट दाखवावयाची, हे काम करणाऱ्या यंत्राला पुढे 'राउटर' असे नाव रूढ झाले.

निरनिराळी जाळी एकमेकांस जोडण्याची वेळ आली तेव्हा एक नवी अडचण उभी राहिली. प्रत्येक जाळ्याची वाट सारख्या रुंदीची नव्हती. देशावरून गाडीत भरून आणलेला माल घाटाच्या तोंडाशी आला, की तो उतरवून लमाणांच्या बैलांवर गोण्या-गोण्यांनी लादावा लागे. तसाच हा प्रकार होता. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या अडचणीचा विचार केला आणि सीमेवरील यंत्राने मोठे पाकीट फोडून पुढे पाठवावे, अशी सोय ठेवली. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या इंटरनेट-नियमावलीत तिचे स्वरूप निश्चित झाले. प्रत्येक पाकिटावर एक ओळख-क्रमांक असतो. त्याचे तुकडे केले तर तोच क्रमांक सर्व तुकड्यांवर उतरतो. शिवाय हा तुकडा मूळ मजकुरात कोठून सुरू होतो, याची नोंद आठ-आठ बाइटांच्या मापाने केली जाते, आणि 'याच्यामागे आणखी आहे' अशी एक खूण शेवटचा सोडून बाकीच्या तुकड्यांवर असते.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. १,५०० बाइटांच्या पाकिटात २० बाइटांचे शीर्षक आणि १,४८० बाइटांचा मजकूर आहे, असे समजावे. पुढची वाट ५७६ बाइटांचीच असेल तर शीर्षक वजा जाता ५५६ बाइटांना जागा उरते. परंतु आठाच्या मापात बसण्यासाठी ५५२ च घेता येतात. म्हणून ५५२, ५५२ आणि ३७६ असे तीन तुकडे होतात. त्यांवर आरंभस्थान म्हणून शून्य, ६९ आणि १३८ हे आकडे पडतात. घाट उतरल्यावर वाट पुन्हा रुंद झाली, तरी हे तुकडे तेथे जोडीत नाहीत. ते जोडण्याचे काम अखेरच्या मुक्कामी, म्हणजे घेणाऱ्याच्याच घरी होते. तिसरा तुकडा पहिल्याच्या आधी आला तरी बिघडत नाही; आकडे पाहून तो आपल्या जागी बसविता येतो.

योजना सुबक खरी, तथापि तिचे दोष लवकरच दिसून आले. तिघांपैकी एक तुकडा हरवला, की उरलेले दोन निरुपयोगी ठरतात आणि संपूर्ण पाकीट पुन्हा पाठवावे लागते. म्हणजे तुकडे जितके अधिक, तितका नुकसानीचा संभव अधिक. ख्रिस्तोफर केंट आणि जेफ्री मोगल यांनी १९८७ साली एका निबंधात तुकडे करण्याची ही रीत हानिकारक असल्याचे स्पष्टपणे मांडले. दुसरा दोष राजवाड्यांच्या कागदांची आठवण करून देणारा आहे. ओळख-क्रमांकासाठी नियमावलीत सोळा बिटांची जागा आहे. तीत ६५,५३६ निरनिराळे क्रमांक मावतात आणि मग पहिला क्रमांक फिरून येतो. दिल्ली-मुंबईच्या १९९१ सालच्या वाहिनीवर दीड हजार बाइटांची पाकिटे अखंड सोडली असती, तर क्रमांकांची ही फेरी पुरी होण्यास सुमारे २३ तास लागले असते. सेकंदाला शंभर कोटी बिट वाहणाऱ्या वाहिनीवर मात्र ती एका सेकंदाच्या आतच पुरी होते. घेणारा तर हरवलेल्या तुकड्याची अनेक सेकंदे वाट पाहत असतो. तेवढ्या अवधीत त्याच क्रमांकाचे दुसरे पाकीट आले, तर एकाचे मस्तक दुसऱ्याच्या धडाला चिकटण्याची भीती उत्पन्न होते. वर्ष नसलेली तारीख आणि अल्पायुषी क्रमांक यांचा दोष एकच होय.

यावर उपाय म्हणून नोव्हेंबर १९९० मध्ये एक निराळी रीत प्रमाण ठरली. पाकिटावर 'फोडू नये' अशी सूचना लिहावयाची. वाट अरुंद लागली तर तेथील राउटरने ते पाकीट टाकून द्यावयाचे. परंतु पाठविणाऱ्याला 'येथे एवढेच मावते' असा उलट निरोप धाडावयाचा. तो मिळताच पाठविणारा आपली पाकिटे त्या मापाची करतो. निर्णय वाटेवरून टोकाकडे गेला, ही या रीतीतील महत्त्वाची गोष्ट. पण सारी रीत त्या उलट निरोपावर अवलंबून आहे. जाळ्यांच्या वेशीवर पहारा ठेवणाऱ्या व्यवस्थापकांनी सुरक्षिततेच्या भावनेने पुष्कळ ठिकाणी असे सगळेच उलट निरोप अडविले. मग मोठे पाकीट टाकले जाते आणि तक्रारही पोचत नाही. सप्टेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तांत्रिक टिपणात या दोषाची रीतसर नोंद झाली. अभियंते अशा जागेला 'कृष्णविवर' म्हणतात. पानिपतच्या हिवाळ्यातील मुकी वाट ती हीच.

या दोषाची लक्षणे चमत्कारिक असतात. ओळखपाळख होते, लहानसहान निरोप जातात, परंतु मोठा मजकूर येऊ लागला की सारे थिजते. पूर्ण बंद पडलेली वाट चटकन सापडते. अर्धवट चालणारी वाट माणसाला चकविते. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम यांसारख्या शहरांतून घरोघर आलेल्या ब्रॉडबँड जोडण्यांत या रोगाचे एक साधे कारण अभ्यासता येते. नेहमीच्या जाळ्याची वाट १,५०० बाइटांची. परंतु ग्राहकाची ओळख पटविण्याच्या एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक पाकिटाभोवती आठ बाइटांचे आणखी एक वेष्टन येते, आणि आत १,४९२ बाइटांनाच जागा उरते. आठ बाइटांचा हा फरक मोठा मजकूर अडवून धरण्यास पुरेसा आहे.

शोध घेणारा अभियंता येथे वैद्यासारखा वागतो. 'फोडू नये' अशी सूचना लिहिलेली चाचणीची पाकिटे तो निरनिराळ्या आकारांत सोडतो. १,४७२ बाइटांचा मजकूर आणि २८ बाइटांची शीर्षके मिळून १,५०० होतात. हे पाकीट अडले आणि १,४६४ बाइटांचे गेले, तर वाट १,४९२ ची आहे हे सिद्ध होते. मग दोन उपाय उरतात. एक, पहारेकऱ्याला ते विशिष्ट उलट निरोप सोडण्यास सांगणे. दुसरा, दोन्ही संगणक संभाषणाच्या आरंभी आपापली झेप सांगतात, तेव्हाच मधल्या राउटरने तो आकडा १,४५२ वर आणून ठेवणे. पहिला उपाय मूळ रोगावर आहे. दुसरा पथ्यासारखा आहे.

क्रम बिघडण्याचा दोष याहून सूक्ष्म आहे. दिल्लीतील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने देशातील जिल्हे उपग्रहाच्या साहाय्याने राजधानीशी जोडले. असा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे पाकीट वर जाऊन खाली येण्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो. जमिनीवरील तंतूतून दिल्ली-मुंबई अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास तुटते. पहिले पाकीट आकाशातून आणि दुसरे जमिनीवरून धाडले, तर दुसरे आधी पोचणार यात नवल ते कोणते? घेणारा पाचव्याची वाट पाहत असताना सहावे, सातवे आणि आठवे आले, तर प्रत्येक वेळी तो 'पाचवे हवे' असेच उत्तर देतो. व्हॅन जेकब्सन यांच्या १९८८ च्या सुमाराच्या सुधारणांपासून, असे उत्तर तीन वेळा दुबार आले की पाकीट हरवले असे पाठविणारा समजतो. तो ते पुन्हा धाडतो आणि वाटेवर गर्दी झाली असे मानून आपला वेग घटवितो. वस्तुतः पाचवे हरवलेले नसते, मागून येत असते. उशीर हाच विनाश समजला गेल्यामुळे निष्कारण मंदी येते.

१९९९ साली जॉन बेनेट, क्रेग पार्ट्रिज आणि निकोलस शेक्टमन यांनी दाखवून दिले, की असा क्रमभंग नेहमीच बिघाडाचे चिन्ह नसते. यंत्राच्या आत आणि बाहेर समांतर वाटा असल्या, की तो स्वभावतःच घडतो. म्हणून शोधाची रीत अशी, की दोन्ही टोकांना येणाऱ्या-जाणाऱ्या पाकिटांची नोंद ठेवावी आणि क्रमांक ताडून पाहावे. एका टोकाने सोडलेले सर्व क्रमांक दुसऱ्या टोकाला मिळाले पण रांग मोडली, तर दोष हरवण्याचा नसून वाटणीचा आहे. तेव्हा राउटरला शिकवावे लागते, की समांतर वाटा खुशाल वापराव्यात. परंतु एका संभाषणाची सर्व पाकिटे एकाच वाटेने न्यावीत.

वाट कोठून जाते, हा प्रश्न दिल्लीच्या बाबतीत एके काळी फारच विलक्षण होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुले झाले. पुढे सेवा देणाऱ्या कंपन्या वाढल्या, पण त्यांची जाळी देशात एकमेकांस पुरेशी जोडलेली नव्हती. त्यामुळे दिल्लीतील एका ग्राहकाचा निरोप दिल्लीतीलच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे जाताना परदेशाची वारी करून येई. हा द्राविडी प्राणायाम थांबविण्यासाठी २००३ साली 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली आणि नोएडा येथे पाकिटांच्या देवघेवीचे केंद्र उभे राहिले. वाट जितकी लांब, तितके तिच्यातील घाट अधिक, आणि पाकीट अडण्याचे प्रसंगही अधिक. जवळच्या शेजाऱ्याकडे जवळच्याच गल्लीने जाणे, हाही दोषनिवारणाचा एक मार्ग होय.

इंटरनेटच्या नियमावलीची सहावी आवृत्ती १९९८ साली आली, तेव्हा मधल्या राउटरांचा पाकीट फोडण्याचा अधिकारच काढून घेण्यात आला. प्रत्येक वाटेने निदान १,२८० बाइटांचे पाकीट वाहावे, आणि त्याहून मोठे पाठवावयाचे असल्यास मूळ लेखकानेच माप काढून ते बेतावे, असा दंडक झाला. सुमारे तीस वर्षांच्या अनुभवाने हे जाळे ज्या निष्कर्षाला पोचले, तो जुन्या दप्तरांतील शिस्तीहून फारसा दूर नाही. वाटेने शक्य तेवढे करावे. परंतु निरोप पुरा पोचला की नाही, याची काळजी लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने वाहावी.

कुंजपुरा, बागपत आणि पानिपत ही तिन्ही गावे ज्या जिल्ह्यांत येतात, ते जिल्हे आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. ज्या मुलखातून १७६० च्या हिवाळ्यात भाऊंचा एक कागद बाहेर पडणे कठीण झाले होते, त्याच मुलखातून आज क्षणाक्षणाला असंख्य पाकिटे जातात. त्यांतील काही हरवतात, काही मागेपुढे होतात, आणि तरी निरोप पुरा होतो. कारण प्रत्येकाच्या पाठोपाठ 'पावले' किंवा 'पावले नाही' असे उत्तर उलट येत असते. ते उत्तर कोणी अडवू नये, एवढीच काळजी घ्यावयाची असते.